‘टेस्ट-टू’ कुणाचं?

निवृत्तीच्या दिवशी इंदूरच्या ऑफिसातल्या पोरांनी केक आणला आणि त्यांच्यातल्या एकाने हौसेने विचारलं, मॅडम, इतक्या वर्षांत तुम्ही काय काय उभं केलंत? मी खरं तेच सांगितलं. उभं फारसं काही केलं नाही. मी काढलं. दुसऱ्यांनी उभारलेलं, जुनं झालेलं, आता कुणाला नको असलेलं पाळंमुळं खणून काढायचं आणि जागा मोकळी करून द्यायची, हेच माझं काम. पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण या कामाची मला शेवटच्या दिवसापर्यंत भीती वाटत होती, आणि ती कशाची हे केक कापता कापता सांगण्यासारखं नव्हतं. आता सवड आहे, म्हणून सांगते.

मी बुऱ्हाणपूरची. नोकरी इंदूरच्या कंपनीत, पण लॉकडाऊनपासून घरी बसून काम करायची पद्धत पडली आणि मी कायमची गावी परतले. शेजारच्या बायका विचारत, दिवसभर लॅपटॉपसमोर काय करता? मी म्हणायची, साफसफाई. त्यांना वाटायचं, मी थट्टा करते.

तेव्हा आधी कामाविषयी. आजकाल मोठी संस्था आपले प्रोग्राम एकाच संगणकावर ठेवत नाही. प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र डब्यात बंद असतो, त्याला कंटेनर म्हणतात, आणि असे पुष्कळ डबे मिळून काही यंत्रांवर चालतात. त्या यंत्रांच्या जथ्याला क्लस्टर म्हणायचं. डबे येतात, जातात, बंद पडले की नवे सुरू होतात. पण डब्यातल्या प्रोग्रामने लिहिलेली माहिती डब्याबरोबर जाऊन चालत नाही, ती बाहेर डिस्कवर राहावी लागते. ती जागा वाटून द्यायला, तिच्या प्रती सांभाळायला क्लस्टरमध्ये एक वेगळा प्रोग्राम बसवलेला असतो. तो स्टोरेज ऑपरेटर.

आमच्याकडे केळीची कापणी लागली की शेतकरी मजुरांशी बोलत नाही, मुकादमाशी बोलतो. आज इतक्या गाड्या भरायच्या आहेत, एवढंच सांगतो. माणसं कुठून आणायची, कुणी घड कापायचा, कुणी वाहायचा, हे मुकादम बघतो. ऑपरेटर म्हणजे असा मुकादम. तुम्ही सांगायचं, मला एवढी जागा हवी. बाकी तो करतो.

बसवणं सोपं असतं. काढणं अवघड, कारण त्याला क्रम आहे. आधी गोदामातला माल हलवायचा, मग गोदाम रिकामं करायचं, मग मजूर पाठवायचे आणि सगळ्यात शेवटी मुकादमाचा हिशोब चुकता करायचा. लोक उलटं करतात. मुकादमालाच आधी हाकलतात. मग प्रत्येक गोष्टीवर त्याने मारून ठेवलेली एक गाठ असते, ती सोडवायला कुणी उरत नाही. पडद्यावर त्या गोष्टीपुढे ‘टर्मिनेटिंग’ असं लिहून येतं, म्हणजे जातेय. दिवसेंदिवस ती जातच असते. इंटरनेटवर विचारलं तर शंभर जण सांगतात, ती गाठ हाताने कापून टाका. कापली की सगळं एका क्षणात नाहीसं होतं आणि माणूस खूश होतो. गाठ कशासाठी होती, हे तो विचारत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. पॉवरलूमच्या कापडाचे एक व्यापारी होते. त्यांच्या जुन्या क्लस्टरमधलं सगळं नव्या ठिकाणी नेऊन झालं होतं, तपासून झालं होतं, तरी काढायची वेळ आली की ते अमावस्येचं कारण सांगायचे, मग पाहुण्यांचं, मग तब्येतीचं. शेवटी तयार झाले तेव्हा माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले, एकदम नका काढू हो, हळूहळू काढा. मी त्यांना समजावलं की यात हळूहळू असं काही नसतं. मी बटण दाबलं तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. सगळे त्यांना हसले, मी हसले नाही. त्या खोलीत शहाणे आम्ही दोघंच होतो.

कारण त्याआधी मी खंडव्याकडचं एक काम पाहिलं होतं. एका छोट्या संस्थेने कोरकू जमातीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं वर्षानुवर्षं गोळा केली होती. मला बोलावलं तेव्हा कुणीतरी गाठी कापून मोकळं झालं होतं आणि नव्या ऑपरेटरला जागा हवी म्हणून डिस्कही पुसल्या होत्या. गाण्यांची प्रत दुसरीकडे आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. ती कुठेच नव्हती. मी दोन दिवस डिस्क उलट्यापालट्या केल्या, काही हाती लागलं नाही. संस्था चालवणारे गृहस्थ मला एवढंच म्हणाले, त्यातल्या बऱ्याच बाया आता राहिल्या नाहीत, पुन्हा जाऊन गायला सांगता येणार नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर असीरगढचा घाट उतरताना मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि बाहेर उभी राहिले. तेव्हापासून मला काहीही पुसायची भीती वाटते. ती नोकरीभर गेली नाही.

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो दिवस.

आमच्या शहरात एका ट्रस्टचं रुग्णालय आहे. नाव सांगत नाही. त्यांचा स्वतःचा छोटा सर्व्हर रूम, तीन यंत्रांचं क्लस्टर. जुना स्टोरेज ऑपरेटर इतका जुना झाला होता की त्याच्या दुरुस्त्या येणं बंद झालं होतं. ठरलं असं की सगळी माहिती नव्या स्टोरेजवर न्यायची आणि जुना ऑपरेटर काढून त्याच्या डिस्क मोकळ्या करायच्या. योजना मी बनवली होती. हलवायचं आणि काढायचं काम तिथला नितीन करणार होता. नितीन म्हणजे रुग्णालयाच्या संगणक विभागाचा प्रमुख, आणि विभागात तो एकटाच. पस्तिशीचा, कामाला वाघ. त्याने सगळ्या विभागांची बैठक घेऊन प्रत्येकाला विचारलं होतं, तुमचं काय काय आहे? बाह्यरुग्ण, एक्स-रे, औषधालय, बिलं, सगळं नव्या जागी गेलं. मी घरून तपासलं होतं. त्या सकाळी तो जुनं काढायला बसला.

आमच्या गल्लीत नळाच्या पाइपसाठी खोदकाम चाललं होतं आणि नेट बंद होतं. दुपारी जेवण उरकत होते तेव्हा त्याचा फोन आला.

“मॅडम, सगळं निघालं. एकच चीज अटकली आहे. टर्मिनेटिंग दाखवतंय सकाळपासून. गाठ हाताने काढून टाकू का?”

मी म्हटलं, “नितीन, कीबोर्डवरून हात काढ. मी येते.”

घाबरले नव्हते अजून. अडकलेली गोष्ट म्हणजे सुरक्षित गोष्ट, असं मी मानत आले होते. फोनवरून हुकूम सांगायचा माझा रिवाज नव्हता, ऐकण्यात एक अक्षर चुकलं तर भलतंच घडतं. स्कूटी काढली. शनवारा गेटपाशी केळीच्या ट्रकने रस्ता अडवला होता, तिथे थांबून मी शांतपणे विचार करत होते की काय अडकलं असेल.

सर्व्हर रूममध्ये एसीच्या गारव्यात नितीन हात मांडीवर ठेवून बसला होता, अगदी सांगितल्याप्रमाणे. मी त्याच्या शेजारी बसले आणि बघायला लागले. त्याने सकाळी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, चालवली होती. जुन्या स्टोरेजवरची जेवढी म्हणून व्हॉल्यूम, म्हणजे वाटून दिलेले जागेचे तुकडे, सगळी काढा. बाकीची गेली, कारण ती आता कुणी वापरत नव्हतं. मग त्याने पुढची पायरीही करून ठेवली होती. ऑपरेटरला सांगितलं होतं की हे सगळं स्टोरेज मोडायचं आहे. असं सांगताना माहिती नष्ट करायला आपली संमती आहे, हे शब्दांत लिहून द्यावं लागतं. त्यानं तेही लिहून दिलं होतं. एका यंत्राच्या डिस्क तर त्याने आधीच पुसल्या होत्या. माझ्या योजनेत हे सगळं होतं, फक्त एवढ्या घाईने नव्हतं.

उरलेल्या एका तुकड्याचं नाव होतं ‘टेस्ट-टू’.

कुणीतरी कधीतरी काहीतरी करून बघायला घेतलेला आणि विसरलेला कचरा, असंच ते नाव सांगत होतं. आमच्या धंद्यात अशा नावांचा खच पडलेला असतो. पण तो तुकडा अडकला होता याचा अर्थ कुठला तरी चालू डबा तो वापरत होता. वापरात असलेला तुकडा काढायला सांगितला तर क्लस्टर तो लगेच काढत नाही. त्याच्यावर ‘काढायचा’ असा शिक्का मारून ठेवतं आणि वाट बघतं. डबा बंद झाला की त्याच क्षणी तुकडा जातो. तो गेला की त्यातली माहिती जाते, कारण या तुकड्यांवर ‘सोडल्यावर पुसून टाका’ अशीच सूचना होती. आणि हा शेवटचा तुकडा गेला की, आता काही उरलं नाही असं समजून मुकादम उरलेल्या दोन यंत्रांच्या डिस्क आपणहून पुसायला घेईल. तसा हुकूम त्याच्या हातात होता. मारलेला शिक्का परत घेता येत नाही.

हे मला कळायला आणि टेबलावरचा फोन वाजायला एकच गाठ पडली. नितीनने फोन घेतला, दोनदा हो हो म्हटलं आणि ठेवला. खुर्ची पुढे ओढत म्हणाला, “एक मिनिट मॅडम. रक्तपेढीची स्क्रीन हँग झाली, रीस्टार्ट मारून देतो. त्यांचं नेहमीचंच आहे.”

त्याने हुकूम टाइप केलासुद्धा. बोट एंटरकडे गेलं. मी पडद्यावर बघत होते म्हणून दिसलं. बंद करायच्या डब्याचं नाव होतं टेस्ट-टू.

मी त्याचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, ओढलं. त्याचा चहाचा कप खाली पडून फुटला. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पडद्यावरच्या दोन्ही नावांवर बोट ठेवलं. एक इथे, एक तिथे. त्याने वाचलं. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि त्याने दोन्ही हात उचलून काखेत घातले, जणू ते हात त्याचे नव्हतेच.

रक्तपेढी मागच्या वेगळ्या इमारतीत. बैठकीला तिथलं कुणी आलं नव्हतं, कारण तिचा कारभार वेगळा. तिचा प्रोग्राम बाहेरच्या एका माणसाने काही वर्षांपूर्वी लिहून दिला, तात्पुरता म्हणून टेस्ट-टू नावाने बसवला, चालला, आणि तो माणूस निघून गेला. नितीन त्यानंतर आलेला. त्याला एवढंच ठाऊक होतं की स्क्रीन हँग झाली की टेस्ट-टू बंद करून सोडायचं, ते आपोआप पुन्हा सुरू होतं. सकाळी स्क्रिप्टमधून ते नाव वाहत गेलं तेव्हा त्याने ओळखलं नाही. कुणीही ओळखलं नसतं.

पाचच मिनिटांत कल्पनाताई स्वतः आल्या. रक्तपेढीच्या वरिष्ठ तंत्रज्ञ, आयुष्य तिथे गेलेलं. दारातूनच म्हणाल्या, “नितीनभाऊ, अजून सुरू नाही केलं? पेशंट पडलेली आहे माझ्याकडं.”

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं ते असं. निंबोला गावची ममता नावाची बाई, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची रुग्ण, लहानपणापासून रक्त घेत आलेली. बचत गटाच्या शेडमध्ये केळीच्या खोडाचे धागे काढायचं काम करते, तिथेच भोवळ येऊन पडली. रक्त इतकं कमी झालंय की धाप थांबत नाही. डॉक्टर पिशवी मागताहेत. गट जुळतो, तपासणीतही पिशवी जुळते आहे.

मग अडचण काय, असं मी विचारलं. त्यांनी समजावलं ते असं. ज्यांना सारखं दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागतं, त्यांच्या शरीरात कधी कधी त्या परक्या रक्तातल्या एखाद्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. म्हणजे शरीर त्या घटकाला शत्रू मानायला लागतं. काही जातीची प्रतिपिंडं काही महिन्यांत इतकी विरतात की तपासणीत दिसतच नाहीत. तपासणी म्हणते, पिशवी जुळली. पण तसलं रक्त आत गेलं की शरीराला जुनं वैर आठवतं आणि ते नवं रक्त आतल्या आत फोडून टाकतं. ममतासारखी आधीच खचलेली बाई त्यात जाऊ शकते. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत आजच्या तपासणीइतकीच जुनी नोंद महत्त्वाची.

“हिचं काहीतरी निघालं होतं, इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात, हे मला पक्कं आठवते,” कल्पनाताई म्हणाल्या. “कोणतं, ते नाही आठवत. मीच कॉम्प्युटरवर टाकलं होतं. असे खूप पेशंट आहेत ताई, पूर्ण निमाडातले. सगळ्यांचं तिथंच आहे.”

ममताचं कार्ड होतं, पण घरी, आणि कुठे ठेवलंय ते नवऱ्याला माहीत नव्हतं. इंदूरला फोन लावला होता, त्यांनी शोधून सांगतो म्हटलं होतं. डॉक्टर थांबायला तयार नव्हते आणि त्यांचंही चुकत नव्हतं.

“म्हणून म्हणते, रीस्टार्ट करा आणि मला नोंद बघू द्या.”

मी म्हटलं, “ताई, आत्ता रीस्टार्ट केलं तर ती नोंद कायमची जाईल. हिची आणि बाकी सगळ्यांची.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नितीनकडे. नितीनने मान खाली घातली. मला वाटलं त्या ओरडतील. त्या फक्त म्हणाल्या, “मग आता?” आणि खुर्चीवर बसल्या.

मी कीबोर्ड ओढून घेतला. या वेळी क्रम उलटा करायचा होता. आधी मुकादमाला थांबवायचं, म्हणजे त्याच्या हातात पुसण्याचा हुकूम असला तरी तो बजावायला कुणी नको. त्याला काढायचं नाही, कारण काढलं तर पुढे गाठी सोडवणार कोण. नुसतं रजेवर पाठवायचं. मजूर आपापल्या जागी काम करत राहतात, डिस्क चालू राहतात. हुकूम लिहिला. वाचला. नितीनला मोठ्याने वाचायला लावला. मग एंटर दाबलं. मुकादम थांबला.

दुसरी गोष्ट, त्या तुकड्यावरची सूचना बदलायची. ‘सोडल्यावर पुसून टाका’च्या जागी ‘सोडल्यावर राखून ठेवा’. एक शब्द फक्त. तो एक शब्द मी दोनदा चुकीचा लिहिला. शेवटी नितीनला म्हटलं, तू लिही, मी बघते. त्याने काखेतून हात काढले आणि एकेक अक्षर दाबलं. सूचना बदलली.

कागदावर आता धोका टळला होता. पण कागदावर खंडव्याची गाणीही सुरक्षितच होती. माहिती माझ्या डोळ्यांसमोर बाहेर येईपर्यंत माझा विश्वास बसणार नव्हता. डबा चालू होता, पडद्याचा भाग तेवढा गोठला होता. आतला माहितीचा साठा जिवंत होता. त्याची प्रत मी माझ्या लॅपटॉपवर उतरवायला घेतली.

प्रत उतरायला लागली आणि मध्येच थांबली.

कारण मला दिसत होतं. तीन यंत्रांवरच्या तीन प्रतींमधली एक सकाळीच पुसलेली, आणि उरलेल्या दोन यंत्रांमधल्या एका जुन्या डिस्कने वाचताना अडखळायला सुरुवात केली होती. पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. मी तिला काही करू शकत नव्हते. थांबवून पुन्हा सुरू केलं तर डिस्कवर आणखी ताण. नितीनने विचारलं, दुसरं काही करून बघू? मी नको म्हटलं. हात न लावता बसणं हेच त्या वेळचं काम होतं, आणि त्याच्याइतकं वाईट काम मी दुसरं केलेलं नाही. कोपऱ्यातल्या यूपीएसने एकदा टुक केलं तर तिघंही दचकलो. वीज गेली नव्हती, नुसतीच हलली होती. कल्पनाताईंचा फोन वाजला. डॉक्टर विचारत होते. त्या म्हणाल्या, “अजून थोडं सर. नाही, पिशवी लावू नका. माझ्या जिम्मेदारीवर सांगते, लावू नका.” फोन ठेवून त्यांनी पदराने तळहात पुसले.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते लिहायला आजही कठीण जातं. ममता डोळ्यांसमोर नव्हती, तिला मी पाहिलंही नव्हतं. बाकीचे होते. पूर्ण निमाडातले, कल्पनाताई म्हणाल्या होत्या ते. ज्यांना उद्या, परवा, पुढच्या महिन्यात कुठेतरी जुळणारी पिशवी लावली जाईल आणि कुणालाच काही माहीत नसेल. चूक कुणाला कधी समजणारही नाही. पुसलेल्या गोष्टीचं हेच असतं, ती गेली हे सांगायला ती नसते.

मग किती प्रत उतरली ते दाखवणारा आकडा हलला. थोडा पुढे सरकला, थांबला, पुन्हा सरकला. शेवटी पूर्ण झाला. प्रत उघडून बघितली, आत पानंच्या पानं भरलेली होती. ममताचं नाव आणि निंबोला टाकून शोधलं. कल्पनाताई माझ्या खांद्यावरून वाकल्या. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

“हेच,” त्या म्हणाल्या. “‘किड’ नावाच्या घटकाविरुद्धचं आहे. हेच ते लपून बसणारं.”

त्यांनी तिथूनच फोन लावला आणि काढून ठेवलेली पिशवी बाजूला करायला सांगितली. मग जळगावच्या एका रक्तपेढीला फोन केला, कोणता घटक नसलेलं रक्त हवं ते नेमकं सांगितलं आणि गाडी पाठवली. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “ताई, ती पिशवी मी हातात घेतली होती.” एवढंच. आणि गेल्या.

योग्य पिशवी दिवस मावळायच्या आत आली आणि लागली. तोवर डॉक्टरांनी ऑक्सिजनवर निभावलं. इंदूरहून उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, त्यातही तेच नाव होतं. नितीनने त्या संध्याकाळी राजीनामा लिहून मला दाखवला. मी म्हटलं, तू फोन करून विचारलंस म्हणून आपण इथे बसलोय, गाठ कापली असतीस तर कुठे बसलो असतो? त्याने तो पाठवला नाही. मात्र पुढे कित्येक दिवस तो साधी फाइल काढतानाही मला फोन करायचा, आणि मीही त्याला कधी कंटाळून उत्तर दिलं नाही. मला स्वतःला त्या रात्री आणि नंतर बऱ्याच रात्री हाताखाली मनगट आहे असं वाटून जाग यायची.

काम अर्धवट होतं. ते पुरं करायला आम्ही काही आठवडे घेतले. रक्तपेढीला नव्या स्टोरेजवर स्वतःच्या नावाची जागा दिली, प्रोग्राम तिथे सुरू केला, कल्पनाताईंनी एकेका रुग्णाची नोंद उघडून बघितली. नितीन प्रत्येक इमारतीत, प्रत्येक खोलीत जाऊन विचारून आला, अगदी धोबीखान्यातसुद्धा. मग जुन्या ऑपरेटरला रजेवरून बोलवायचं, त्याच्या गाठी त्यालाच सोडवू द्यायच्या आणि शेवटी डिस्क पुसून घ्यायच्या, असा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी सगळी तयारी झाली. हुकूम लिहून झाला. नितीन म्हणाला, मॅडम, तुम्हीच दाबा. मी त्याला म्हटलं, आलेच, आणि खोलीबाहेर पडले. मागच्या इमारतीपर्यंत चालत गेले आणि रक्तपेढीच्या बाहेर एक बाक होता त्यावर बसले. सगळं तीनदा तपासलं होतं. चौथ्यांदा तपासावं असंही काही उरलं नव्हतं. तरी हात मांडीवर ठरत नव्हते.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक, सावळी बाई बसली होती, पिशवी लागायची वाट बघत. दंडावर रक्ताच्या चाचणीचा कापूस चिकटवलेला. बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग. आतून कल्पनाताईंनी हाक मारली, ममता, अजून दहा मिनिटं. तेव्हा मला कळलं. तिला काहीच माहीत नव्हतं आणि मी सांगायचा प्रश्नही नव्हता. मी दुसरीकडे बघायला लागले.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि सरकून जवळ आली.

“पहिल्यांदाच आल्या का काकू, रक्त द्यायला?”

मी मान हलवली, ती हो की नाही मलाच माहीत नाही.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “सुई घुसते तेवढंच दुखते. मग काही कळत नाही. माझं पहा, मी तर लहानपणापासून घेते. देणारी माणसं हिम्मतवाली राहतात म्हणून मी आहे.” आणि तिने माझा हात आपल्या हातात घेतला. तिचा हात ऊबदार होता. चांगला ऊबदार.

मग तिला आत बोलावलं. उठताना ती म्हणाली, “जा, करून टाका. बसल्या बसल्या भीती वाढते.”

मी उठले, सर्व्हर रूममध्ये आले आणि नितीनच्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्याने विचारलं, करायचं ना? मी हुकूम शेवटचा एकदा वाचला आणि दाबलं.